अक्षरे मोजणारा आचार्य

वर्धा शहरालगत गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. मंदिर म्हटले की शिखर, गाभारा आणि मूर्ती डोळ्यांसमोर येते. येथे त्यांपैकी काहीच नाही, छप्परदेखील नाही. उघड्या आकाशाखाली ओळीने उभ्या केलेल्या शिळा आणि त्यांवर कोरलेले गीताईचे अठरा अध्याय, एवढेच या मंदिराचे वैभव. १९८० साली, आचार्य विनोबा भावे हयात असतानाच, ते उभे राहिले. ज्या माणसाने तरुणपणी आपल्या कविता लिहून होताच अग्नीच्या आणि गंगेच्या स्वाधीन केल्या, त्याच माणसाची अक्षरे येथे पाषाणावर कायमची उमटली आहेत. या दोन टोकांच्या मध्ये विनोबांचे अवघे आयुष्य सामावले आहे. भूदानाचे प्रणेते म्हणून ते आयुष्य अनेकदा सांगितले गेले. एकेका अक्षराचा हिशेब ठेवणाऱ्या शब्दशोधकाचे आयुष्य म्हणून मात्र त्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

शहरी वाचकाला शब्दशोधाचा खेळ नवा नाही. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडविणारे हजारो लोक आहेत. इंग्रजीत तर हा छंद फार वाढला. सहा-सात अक्षरे द्यायची आणि ती ज्यांत येतात असे शब्द शोधायचे, हा अनेक घरांतील सुटीचा कार्यक्रम असतो. स्क्रॅबल या जगप्रसिद्ध खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. महामंदीत त्याची नोकरी गेली आणि रिकाम्या वेळात तो वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणते इंग्रजी अक्षर किती वेळा येते हे मोजत बसला. त्या मोजणीतूनच पुढे खेळातील अक्षरांची संख्या आणि गुण ठरले. बट्स ज्या काळात अमेरिकेत ही मोजदाद करीत होता, साधारण त्याच काळात वर्ध्याच्या आश्रमात पस्तिशीचा एक ब्रह्मचारी मराठी अक्षरे मोजीत बसला होता. त्याच्यापुढे खेळ नव्हता. दिवंगत आईची एक इच्छा त्याला पुरी करावयाची होती.

गागोदे ते वर्धा

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते. शास्त्रीय वृत्तीचे आणि काटेकोर. मुलाने आधुनिक विद्या शिकावी, इंग्रजीबरोबर फ्रेंचही शिकावी, अशी त्यांची इच्छा होती. आई रुक्मिणीबाई यांचे शिक्षण बेताचे होते; परंतु संतांची असंख्य पदे त्यांना मुखोद्गत होती आणि ती कामाच्या ओघात ओठांवर येत. मुलाने शाळेत फ्रेंच घेतली आणि संस्कृतची वाट पुढे स्वतःच शोधून काढली. एका कानावर युरोपातील भाषा आणि दुसऱ्या कानावर आईच्या ओव्या, असे ते घडणे होते.

आईला भगवद्गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांचा समश्लोकी मराठी अनुवाद आणून दिला. तो मराठीत असूनही आईला संस्कृताइतकाच अवघड वाटला. मग तूच सोप्या मराठीत का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला सहज विचारले. प्रश्न विचारून ती मोकळी झाली आणि मुलगा त्यात अडकला. १९१८ साली आई गेली तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले गेलेले नव्हते.

तत्पूर्वी, २५ मार्च १९१६ रोजी, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. शाळेची प्रमाणपत्रे त्याआधीच चुलीत गेली होती. काशीत काही महिने संस्कृत ग्रंथांत काढल्यावर त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात महात्मा गांधींची भेट झाली. तेथे विनायकाचे विनोबा झाले. ज्ञानोबा, तुकोबा या परंपरेत बसणारे हे नाव जन्मभर चिकटले.

नेमका शब्द शोधण्याची रीत गांधीजींच्या घरात जुनीच होती. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला इंग्रजी नाव पुरेसे वाटेना म्हणून त्यांनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रातून वाचकांकडे नाव मागितले होते. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचविले, गांधीजींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ केले. एका अक्षराच्या फेरफाराने चांगल्यासाठीचा आग्रह सत्याचा आग्रह झाला. अशा गुरूपाशी विनोबा आले होते. मधल्या काळात रजा घेऊन ते वाईला गेले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला. ८ एप्रिल १९२१ रोजी, जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून आणि गांधीजींच्या सांगण्यावरून, ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यासाठी येथे पोहोचले. पुढे हा जिल्हाच त्यांचे घर झाला.

आठ अक्षरांची चौकट

७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे विनोबांनी गीतेच्या मराठी रूपाला हात घातला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी काम संपविले. जेमतेम चार महिन्यांत सातशे श्लोक झाले. मात्र या चार महिन्यांमागे बारा वर्षांचा विचार होता.

काम किती अवघड होते हे समजण्यासाठी एक छोटा हिशेब पुरे. गीतेतील बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत. एका चरणात आठ अक्षरे, चार चरणांची मिळून बत्तीस. येथे अक्षर म्हणजे स्वरासह उच्चारला जाणारा तुकडा. जोडाक्षरातील अर्धे व्यंजन वेगळे मोजायचे नाही. संस्कृतात विभक्तीचा प्रत्यय शब्दातच विरघळलेला असतो. ‘ग्रामात्’ या दोन अक्षरांत जे सांगता येते त्याला मराठीत ‘गावाहून’ अशी चार अक्षरे मोजावी लागतात. समासात तीन-चार शब्द एकत्र बांधून संस्कृत पुढे निघून जाते. मराठीला प्रत्येक गाठीवर ‘चा’, ‘ला’, ‘मध्ये’ यांची जोड द्यावी लागते. म्हणजे तेवढाच अर्थ, तेवढ्याच अक्षरांत, पण अधिक जागा खाणाऱ्या भाषेत बसवायचा.

यावर सोपा उपाय होता. संस्कृत शब्द तसेच ठेवायचे आणि क्रियापद तेवढे मराठी करायचे. अनेक पंडितांनी तो केला. विनोबांना तो वर्ज्य होता, कारण त्याच कारणाने आईने आधीचे पुस्तक मिटून ठेवले होते. म्हणून त्यांचा शब्द दुहेरी कसोटीतून जात असे. तो चौकटीत बसला पाहिजे आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या कानाला ओळखीचा वाटला पाहिजे. लिहून झालेले श्लोक त्यांनी आश्रमातील मुलींना शिकवून पाहिले. शिकणारी जेथे अडखळे तेथे दोष तिचा न मानता शब्दाचा मानला जाई, आणि शब्द बदले.

नावातही हीच किमया आहे. ‘गीता’ आणि ‘आई’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळले आणि मधला ‘आ’ दोघींचा सामाईक झाला. ‘गीताई’ या तीन अक्षरांत ग्रंथ आहे, माता आहे आणि तिने मागितलेले पुस्तक तिच्या हाती देता आले नाही याची हुरहुरही आहे. १९३२ साली गीताई छापून प्रसिद्ध झाली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे गीताईच्या लाखो प्रती महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या. तिच्यातील शब्दांचा अर्थ उलगडणारा कोश विनोबा आणि त्यांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांनी सिद्ध केला. स्वतः वापरलेल्या प्रत्येक शब्दाचा असा जाब देणारे लेखक विरळाच.

‘ही’ आणि ‘भी’

१९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा वर्ध्याजवळच्या पवनार येथे, धाम नदीच्या काठी राहावयास आले. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. तोवर देशाला फारसे ठाऊक नसलेले हे नाव एका दिवसात सर्वतोमुखी झाले. १९४२ नंतर वेल्लोर आणि शिवनी येथील तुरुंगांत त्यांची तीन वर्षे गेली. वेल्लोरला त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकाच वेळी शिकावयास घेतल्या. कुराण मुळातून वाचावे म्हणून त्यांनी अरबीचाही अभ्यास केला होता. भाषा त्यांना फार अवघड जात नसे. प्रत्येक भाषेच्या दारावर वेगळी लिपी पहाऱ्यास उभी असते, हा त्यांचा अनुभव होता.

त्या काळी लिपीचा विचार वर्ध्याच्या हवेतच होता. १९३६ मध्ये येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकरांनी नागरीच्या सुधारणेचा पाठपुरावा केला आणि ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांट्या जोडून इतर स्वर लिहिण्याची पद्धत वर्ध्याच्या अनेक पुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. जुन्या वाचकांना ‘अि’ आणि ‘अु’ असे स्वर पाहिल्याचे आठवत असेल. विनोबांनीही ‘लोकनागरी’ नावाची सुधारित लिपी पुढे आणली. भारतातील भाषा आपापल्या लिपीत लिहिल्या जाव्यातच, त्याखेरीज त्या नागरीतही लिहिल्या जाव्यात, म्हणजे शेजारच्या प्रांताचे साहित्य वाचण्याची वाट सुकर होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

या मागणीचा सारा तोल एका अक्षरावर होता. हिंदीत ‘नागरी ही’ म्हणजे केवळ नागरीच. ‘नागरी भी’ म्हणजे नागरीसुद्धा. विनोबांचा आग्रह ‘भी’चा होता. गंमत अशी की, मराठीत ‘नागरीही’ म्हटले तर त्याचा अर्थ हिंदीतील ‘भी’ होतो. जे अक्षर एका भाषेत दार लावते तेच शेजारच्या भाषेत दार उघडते. या फरकाची किंमत देशाने १९६५ साली मोजली. हिंदीच्या सक्तीच्या भीतीने मद्रास राज्य पेटले, माणसे मेली. फेब्रुवारीत विनोबा पवनारला उपोषणास बसले. हिंसा नको, हिंदी न मानणाऱ्यांवर हिंदीची सक्ती नको आणि इंग्रजी न मानणाऱ्यांवर इंग्रजीची सक्ती नको, ही त्यांची त्रिसूत्री होती. हिंदीचा कट्टर पुरस्कर्ता म्हणून ओळखला जाणारा माणूस हिंदीच्या सक्तीविरुद्ध अन्न सोडून बसला होता. त्यांच्याच प्रेरणेने १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद स्थापन झाली.

‘दान’ या शब्दाचे ओझे

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजन कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. सभेत रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे विनोबा देशभर पायी फिरले आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये पवनारला परतले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे संकल्प झाले. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. मिळालेल्या जमिनीपैकी बरीच खडकाळ किंवा वादग्रस्त निघाली आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

या चळवळीतही शब्दांची साखळी दिसते. भूदान, ग्रामदान, संपत्तिदान, श्रमदान, जीवनदान. एका मूळ शब्दापुढे वेगवेगळी पदे जोडून नवे शब्द तयार करण्याची ही रीत पाणिनीच्या व्याकरणात मुरलेल्या मनाची होती. पण ‘दान’ म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली, ही जुनी कल्पना सोबत येते. म्हणून दान म्हणजे समान वाटप, हा शंकराचार्यांनी सांगितलेला अर्थ विनोबा गावोगाव समजावीत राहिले. घेणारा आपला हक्क घेतो, उपकार नव्हे, असा त्यांचा रोख होता. अर्थ तेरा वर्षे सांगूनही शब्दाची जुनी सवय पुरती सुटली नाही. जमीनदारांना दातेपण आवडले. हक्काची भाषा मात्र त्यांना तितकी रुचली नाही.

इंग्रजी अक्षरांचा खेळही त्यांनी केला. अफगाणिस्तान, बर्मा आणि सिलोन या देशांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी ‘एबीसी’ त्रिकोण मांडला. या तीन कोपऱ्यांच्या आतील देशांनी सहकार्याच्या नात्याने एकत्र यावे, अशी ती कल्पना होती. इंग्रजी शाळेतील पहिल्या धड्याइतके ते सूत्र लक्षात राहण्याजोगे होते. पुढे सिलोनचे श्रीलंका झाले, बर्माचे म्यानमार झाले आणि अक्षरे निसटली. त्रिकोणही कागदावरच राहिला.

एक शब्द हातून सुटला

२५ डिसेंबर १९७४ रोजी विनोबांनी एक वर्षाचे मौन घेतले. त्या मौनाच्या मध्यावर, जून १९७५ मध्ये, आणीबाणी जाहीर झाली. जयप्रकाश नारायण यांनी १९५४ साली बोधगया येथे विनोबांच्या कार्याला आपले आयुष्य वाहिले होते. ते आता तुरुंगात गेले. सर्वोदयी कार्यकर्ते दोन तटांत विभागले गेले आणि देशाचे डोळे पवनारकडे लागले. मौनातील त्या आश्रमातून दोन शब्द बाहेर पडले: अनुशासन पर्व.

महाभारताच्या तेराव्या पर्वाचे हे नाव. त्यात शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला धर्म सांगतात, दानाचे महत्त्व सांगतात. सत्ता गेलेल्या, मरणाच्या दारातील वडीलधाऱ्याने राजाला दिलेला हा उपदेश आहे. संस्कृत परंपरेत व्याकरणालाही ‘शब्दानुशासन’ म्हणतात. वैयाकरण कुणाला तुरुंगात टाकत नाही; चांगले बोलणारे कसे बोलतात ते तो दाखवून देतो. या शब्दाची ही सारी वंशावळ विनोबांना पाठ होती. भिंतींवर, फलकांवर आणि सरकारी जाहिरातींत तो शब्द लागला तेव्हा मात्र त्याचा एकच अर्थ उरला: शिस्त पाळा, गप्प राहा.

मौन संपल्यावर २५ डिसेंबर १९७५ रोजी विनोबांनी खुलासा केला. शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे असते, आणि आचार्य म्हणजे निर्भय, निर्वैर, निःपक्ष माणसे, असा त्यांचा अर्थ होता. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले. पुढे जूनमध्ये, गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा त्यांचा संकल्प छापणाऱ्या आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचे अंकच पोलिसांनी जप्त केले. पण तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. ‘सरकारी संत’ हे विशेषण विनोबांना चिकटले आणि त्यांच्याविषयी बोलताना आजही ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येते.

विनोबांना त्या जबाबदारीतून सर्वस्वी मोकळे करता येणार नाही. आश्रमातील मुलगी श्लोक म्हणताना अडखळली तर शब्दाचा दोष मानून तो बदलणारे विनोबा, देश अडखळत असताना सहा महिने मौनात राहिले. मौन हे व्रत होते, हे खरे. पण ऐकणाऱ्याला कोणता अर्थ लागेल ही गीताईची कसोटी त्या दोन शब्दांना लावली गेली नाही. शब्द शास्त्रशुद्ध होता. तो कोणाच्या कानी पडणार आणि कोणाच्या हाती लागणार, एवढेच पाहावयाचे राहून गेले. तुरुंगात असलेल्यांच्या कुटुंबांना त्याची व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१९५८ सालचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला, भारतरत्न १९८३ साली मरणोत्तर. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. त्या वर्षीच्या दिवाळीत, १५ नोव्हेंबर रोजी, पवनारच्या आश्रमात त्यांची प्राणज्योत मालवली.

आज दिलेल्या अक्षरांत बसणारे शब्द संगणक निमिषार्धात काढून देतो. इंग्रजी शब्दांच्या खेळात त्याला हरविणे अशक्य आहे. हे काम हाताने करण्याची गरज उरलेली नाही. उरते ते पुढचे काम. निघालेल्या पन्नास शब्दांपैकी समोरच्या माणसाला कोणता कळेल, कोणता लागेल आणि कोणाच्या हाती गेल्यावर त्याचे काय होईल, हे ठरविण्याचे. वर्ध्याच्या या आचार्याने ते काम एकदा सातशे श्लोकांत विलक्षण यशाने केले आणि एकदा दोन शब्दांत त्याला ते साधले नाही. गोपुरीच्या शिळांवर पाऊस आणि ऊन सारखेच पडते. संध्याकाळी कुणी आजी नातीला हाताशी धरून एखादी ओळ बोटाने वाचून दाखवू लागली, तर नातीला अर्थ विचारावा लागत नाही. रुक्मिणीबाईंनी मुलाकडे मागितले होते ते एवढेच.